चार कोपरे आणि एक शिक्का

हेइसेई कालगणनेचे बाविसावे वर्ष, म्हणजे इसवी सन दोन हजार दहा, नोव्हेंबर महिन्याची अकरा तारीख, गुरुवार, दुपारचे दोन. स्थळ तोक्यो शहर, नेरिमा विभाग, शाकुजिई नदीच्या काठची दुमजली घरांची एक अरुंद गल्ली. त्या दिवशी, त्या वेळी, त्या गल्लीतील तिसऱ्या घरात तोगाशी शिगेनोबू यांनी टपालाने आलेले तपकिरी पाकीट उघडले, आतला कागद अर्धा बाहेर ओढला, आणि त्यावर कुठेही नाव नसताना तो कोणाचा आहे हे ओळखले.

ओळखले ते आठाच्या आकड्यावरून. काडीला टोचलेल्या तांदळाच्या दोन गोळ्यांसारखा, वरचा गोळा खालच्यापेक्षा किंचित मोठा, असा आठ साऱ्या जपानात एकच बाई काढत असे. ‘मासुमे’ या त्रैमासिकाच्या वाचकांना ती ‘सोरामामे’ या टोपणनावाने ठाऊक होती. सोरामामे म्हणजे वालासारखी एक शेंग, जी मुले ताटात बाजूला सारतात. असले नाव आपणहून घेणाऱ्या बाईचा राग यावा असे त्यात काही नव्हते. तोगाशींना तो येत असे.

‘मासुमे’मध्ये यंत्राने रचलेल्या सुदोकूला थारा नव्हता. प्रत्येक कोडे हाताने रचलेले हवे. दिलेले अंक असे मांडलेले हवेत की कागद उलटा धरला तरी त्यांची नक्षी तीच दिसावी. आणि प्रत्येक कोडे छापण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तरी पेन्सिलीने सोडवून पाहिलेले हवे. सोडवणारा आपल्या प्रत्येक पावलाचा क्रमांक कोड्याच्या त्या त्या घरात बारीक लिही आणि शेवटी ‘उत्तर एकच’ या शब्दांशेजारी आपला लाल शिक्का उठवी. रचणाऱ्याचे नाव तपासणाऱ्याला कळू देत नसत. नळखात्याच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेले तोगाशी तपासतही होते आणि ‘किताकाझे’, म्हणजे उत्तरेचा वारा, या नावाने रचतही होते. अंकाचे शेवटचे पान एकोणीस वर्षे याच वाऱ्याचे होते. अंकातले सर्वांत कठीण कोडे तिथे छापले जाई आणि त्या पानापर्यंत पोहोचणे हाच वाचकांना एक मान वाटे.

आता अंक निघायचा होता शंभरावा. संपादक हिरुकावा यांनी नम्र शब्दांत कळवले होते की, या अंकाचे शेवटचे पान परंपरेने नव्हे, तर तपासणीत सरस ठरणाऱ्या कोड्याला दिले जाईल. तोगाशींनी ते पत्र तीनदा वाचले होते. परंपरा हा शब्द ज्याने वापरला त्याला परंपरा मोडायचीच असते, हे समजण्याइतकी भाषा त्यांना येत होती.

कागद पूर्ण बाहेर आला. बावीस अंक. नक्षी अशी की पाण्यावर वारा फिरून गेल्यासारखी वाटावी. तोगाशींना तो कागद खाली ठेववेना आणि धरवेनाही. चांगली कविता वाचून कवीला होते ते हेच. फक्त कवी त्याला आनंद म्हणतात.

त्यांचा हेवा काल-परवाचा नव्हता आणि मोघमही नव्हता. तो नोंदवून ठेवलेला होता. कपाटातल्या एका निळ्या वहीत सोरामामेच्या प्रत्येक कोड्याला आपल्याला किती मिनिटे लागली हे ते दोन वर्षे लिहीत आले होते, आणि मिनिटे वाढत चालली होती. तेही त्यांनी सहन केले असते. सहन झाले नव्हते ते वेगळेच. त्यांची पत्नी सुमिए हिने चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे एकही कोडे शेवटपर्यंत सोडवले नव्हते. मात्र गेल्या वर्षभरात कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून, संत्र्याच्या फोडी तोंडात टाकत, ती सोरामामेची कोडी सोडवी आणि मध्येच खुदकन हसे.

“सुदोकूत हसण्यासारखं काय असतं?” त्यांनी एकदा विचारले होते.

“हिच्या कोड्यात कुणीतरी आपल्याशी बोलत असतं हो.”

“आणि माझ्या?”

“तुमच्यात कुणीतरी आपली परीक्षा घेत असतं. शाळा सुटून मला चाळीस वर्षं झाली.”

एवढे म्हणून तिने एक फोड त्यांच्यापुढे केली होती. त्यांनी ती घेतली नव्हती.

तर त्या गुरुवारी तोगाशींनी कोड्याच्या नेहमीप्रमाणे दोन स्वच्छ नकला केल्या, पेन्सिलीला टोक केले आणि ते खिडकीपाशी बसले. ते कोडे सोडवायला बसले असे म्हणणे अर्धसत्य होईल; ते दोष शोधायला बसले. पहिली वीस घरे सरळ मिळाली. मग वाट संपली. प्रत्येक रिकाम्या घरात त्यांनी शक्य असलेले अंक बारीक लिहिले. दोन आडव्या ओळींत सहा हा अंक त्याच दोन उभ्या ओळींत अडकलेला दिसला, तेव्हा त्या उभ्या ओळींतल्या इतर घरांतून त्यांनी सहाची हकालपट्टी केली. तोच प्रकार तीन ओळींवर पसरलेला होता तोही त्यांनी ओळखला. पुढे एक लांब साखळी होती. हे घर दोन असेल तर ते नऊ, ते नऊ तर पलीकडचे चार, अशा कड्यांतून अकराव्या कडीला ती स्वतःच्याच शेपटीवर येऊन पोहोचणार असे दिसत होते. सुंदर होती. त्या सौंदर्याने तोगाशींना थकवा आला.

आणि मग त्यांना ते चार कोपरे दिसले.

दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, आणि त्यांच्या छेदांवरची चार घरे, नऊ-नऊ घरांच्या शेजारशेजारच्या दोन चौकांत विभागलेली. तीन घरांत फक्त तीन किंवा सात बसू शकत होते. चौथ्यात तीन, सात किंवा पाच. आता चौथ्यातही तीन किंवा सातच आला, तर चारही कोपऱ्यांतले तीन आणि सात आपसांत बदलून टाकले तरी उत्तर खरेच राहील. म्हणजे उत्तरे दोन होतील. कोड्याला तर उत्तर एकच असते. म्हणून चौथ्या कोपऱ्यात पाच.

त्यांनी पाच लिहिला. बांध फुटावा तसे सगळे कोडे पाच मिनिटांत भरून आले. अकरा कड्यांच्या साखळीला त्यांनी हातही लावला नव्हता.

सोडवणाऱ्याने ही युक्ती खुशाल वापरावी. तपासणाऱ्याने कदापि वापरू नये. कारण उघड आहे. उत्तर एकच आहे की नाही हेच तर त्याला ठरवायचे असते. ते एकच आहे असे धरून चालणारा साध्यालाच साधन करतो, आणि तर्कशास्त्रात याहून जुना दोष नाही. तोगाशींना हे ठाऊक नव्हते असे नाही. हा नियम त्यांचाच होता. एक्केचाळिसाव्या अंकाच्या वेळी त्यांनीच तो तपासनिसांसाठी लिहून दिला होता आणि कार्यालयाच्या भिंतीवर तो चौकटीत टांगलेला होता. पण मत्सराला घाई असते. सोरामामेची लांबलचक साखळी आडवाटेने टाळता येते, हे सापडताच त्यांना जो आनंद झाला त्यात नियम बुडून गेला.

शेऱ्याच्या जागी त्यांनी सुबक अक्षरात लिहिले, “युक्ती परिचयाची. एके ठिकाणी आडवाटेने सुटते. शेवटच्या पानाच्या योग्यतेचे नाही.” मग ‘उत्तर एकच’ या शब्दांशेजारी शिक्का उठवला, फुंकर मारून वाळवला, आणि शुक्रवारी सकाळी पाकीट टपालात टाकले.

शनिवारी न्याहारीनंतर सुमिएने संत्र्यांच्या परडीखालून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. ती त्यांचीच दुसरी नक्कल होती, भरलेली.

“हे तू का सोडवलंस? तपासणीचं आहे ते.”

“परडीखाली ठेवलं होतंत. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलंय.” ती हसली. “वाल-शेंगेचंच आहे ना? दोन दिवस खाल्ले हो बाईनं माझे. शेवटी मी आपलं हे टाकून बघ, ते खोडून बघ, असं केलं. तुमच्यासारख्या युक्त्या मला कुठल्या यायला!”

तोगाशींनी सवयीने चौथ्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे तीन होता.

“इथे चुकलीस. इथे पाच येतो.”

“नाही बाई. तपासा हवं तर.”

त्यांनी तपासले. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, नऊ चौक. कुठेही अंक दुसऱ्यांदा येत नव्हता. मग स्वतःचे उत्तर त्यांनी आठवणीतून मांडले. त्यातही येत नव्हता. सुमिएच्या उत्तरातले कोपऱ्यांवरचे तीन आणि सात आपसांत बदलले, तर तेही बिनचूक. कोड्याला उत्तरे तीन होती आणि ‘उत्तर एकच’ यावर शिक्का त्यांचा होता.

“काय झालं? रंग उतरला तुमचा.”

“कोडं सदोष आहे.”

“अगंबाई! मग कळवा की त्यांना. शंभरावा अंक आहे.”

“कळवतो.”

संध्याकाळी तिने पुन्हा विचारले, “कळवलंत?”

“कळवलं,” तोगाशी म्हणाले.

कळवले नव्हते. पोस्टकार्ड लिहिले होते आणि ते निळ्या वहीत ठेवले होते. पुढचे चार दिवस त्यांनी स्वतःशी जो वाद घातला तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत काटेकोर वाद होता. कोडे निर्दोष असण्याची पहिली जबाबदारी रचणाऱ्याची, तपासणाऱ्याची नंतरची. शिवाय आपण ते शेवटच्या पानासाठी नाकारलेलेच आहे. मग दोष सांगितला काय आणि न सांगितला काय. शिवाय हिरुकावा आपला शेरा मानतीलच असे नाही. न मानता त्यांनी ते शेवटच्या पानावर घातले, तर दोषाचा धनी शेरा डावलणारा. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. आणि प्रत्येक मुद्द्यामागे एक चित्र होते, जे ते मुद्द्यात मोजत नव्हते: शंभरावा अंक बाहेर पडला आहे, कार्यालयात वाचकांच्या पत्रांचा ढीग लागला आहे, “माझे उत्तर वेगळे येते” असे शेकडो लोक लिहीत आहेत, आणि तांदळाच्या गोळ्यांसारखे आठ काढणारा तो हात पुन्हा पेन्सिल धरायला धजावत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी कोणालाही सांगण्यासारखी नव्हती. कोड्याची नक्षी न मोडता ते दुरुस्त करता येते का, हे त्यांनी रोज पाहिले. एक अंक वाढवला की साखळी मरे; दुसरा हलवला की कोडे पोरखेळ होई. बुधवारपर्यंत त्यांनी निकाल दिला की ते दुरुस्त होणे नाही, आणि त्या निकालाने त्यांना बरे वाटले.

अठरा तारखेच्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता, शंभराव्या अंकाच्या बैठकीसाठी ते युशिमाच्या चढणीवरच्या कार्यालयात गेले. खोलीत हिरुकावांशिवाय आणखी एक व्यक्ती होती: पन्नाशीची, बुटकी, हातांची कातडी पाण्याने फुटलेली बाई. तोगाशींना पाहताच ती इतकी खाली वाकली की तिचे डोके मेजाला लागायचे तेवढे राहिले.

“या निवा इत्सुको,” हिरुकावा म्हणाले. “आपल्या सोरामामे. कावागोएच्या एका शाळेत मुलांचा स्वयंपाक करतात. आज अर्धी रजा टाकून आल्यात.”

“सेन्सेई, तुम्हाला कधीतरी भेटेन असं वाटलं नव्हतं,” इत्सुको गुरूशी बोलावे तशी म्हणाली. “ते तुमचं आहे ना?” तिने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केले. “मी ते उतरवून आमच्या स्वयंपाकघरात चिकटवलंय. तांदळाच्या पिंपावर. ‘जो एकच उत्तर धरून तपासतो, तो स्वतःच स्वतःला जामीन राहतो.’ आमची मुख्य आचारीण म्हणते, हे आमटीच्या मिठालाही लागू आहे.”

तोगाशींनी चौकटीकडे पाहिले नाही.

हिरुकावांनी चहा ओतला. “तोगाशीसान, तुमचा शेरा मी वाचला. जरा कडक वाटला. शेवटच्या पानासाठी दोनच कोडी उरलीत, तुमचं आणि निवासानांचं. तुमचंही तपासून आलंय, निर्दोष आहे. पण खरं सांगू? त्यांचं सरस आहे. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कसलं,” तोगाशी म्हणाले.

“आणि एक नवीन गोष्ट. शंभरावा अंक म्हणून शेवटच्या पानावर तपासनिसाचं नावही छापायचं ठरवलंय. कोड्याखाली. ‘उत्तर एकच. तपासले: किताकाझे.’ शिक्क्यासकट, लाल रंगात.”

“केवढा मान माझा!” इत्सुको म्हणाली. “मी तर पुन्हा सोडवून बघणार होते. पण सेन्सेईंचा शिक्का आहे म्हटल्यावर कशाला?”

तोगाशींनी कप खाली ठेवला. चार दिवसांच्या त्या भक्कम वादात हा मुद्दा कुठेच आला नव्हता. वाचकांच्या पत्रांच्या त्या ढिगाऱ्यात, प्रत्येक पत्रात, आता त्यांचे नाव होते, लाल. पुढे त्यांनी जे केले ते सत्यासाठी केले की शिक्क्यासाठी, हा प्रश्न त्यांनी नंतर स्वतःला अनेकदा विचारला. उत्तरे एकाहून अधिक आली.

“ते छापू नका,” ते म्हणाले. “उत्तरं तीन आहेत.”

खालच्या रस्त्यावरून भाजलेली रताळी विकणाऱ्याची आरोळी वर आली आणि निघून गेली.

“कुठं?” इत्सुकोने विचारले. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

त्यांनी कागदावर चार कोपरे दाखवले. ती वाकून पाहत राहिली. तिचे कान लाल झाले, मग मान.

“इथं मी दोन अंक जास्त दिले होते,” ती हळूच म्हणाली. “शेवटच्या दिवशी पुसले. नक्षी छान दिसत होती म्हणून. पुसल्यावर पुन्हा सोडवलंही होतं, पण चुलीवर भात होता... मीसुद्धा चार कोपऱ्यांवरूनच पाच लिहिला असणार. तांदळाच्या पिंपासमोर बसून!” तिने कपाळावर हात मारून घेतला. “पेन्सिल आहे का कुणाकडे?”

हिरुकावांनी पेन्सिल दिली. इत्सुकोने कागद उलटा फिरवला, पुन्हा सुलटा केला, ओठांत पुटपुटली. मग वरच्या ओळीतला एक अंक पुसून एक घर डावीकडे लिहिला आणि खालच्या ओळीतला त्याच्या समोरचा अंक पुसून एक घर उजवीकडे. बस्स. नक्षी मोडली तर नाहीच. पाण्यावरचा वारा आता थोडा जोराने वाहू लागला होता. चौथ्या कोपऱ्यातून तीन आणि सात दोन्ही गेले होते, पण ते का गेले हे समजायला ती अकरा कड्यांची साखळी शेवटपर्यंत चालावीच लागत होती. आणखी एका कोपऱ्यात आता तीन-सातखेरीज तिसरा अंकही बसू शकत होता, त्यामुळे आडवाट बुजली होती.

तोगाशींच्या कपातला चहा अजून पुरता निवलाही नव्हता. चार दिवस, त्यांनी मनात हिशेब केला; आणि ‘दुरुस्त होणे नाही’. आतापर्यंत आपण या बाईचा जो हेवा केला तो नुसता सराव होता, असे त्यांना त्या क्षणी वाटले.

“आता हे कुणीतरी पुन्हा तपासायला हवं,” इत्सुको म्हणाली आणि स्वाभाविकपणे कागद तोगाशींपुढे धरला.

तो हिरुकावांनी मधल्या मध्ये घेतला. “मी तपासतो. आत्ताच. तुम्ही दोघं बसा.”

ते दीड तास बसले. हिरुकावा खिडकीपाशी पाठ करून सोडवत होते. इत्सुकोने पिशवीतून डबा काढला. त्यात शिजवलेल्या हिरव्या शेंगा होत्या.

“घ्या ना, सेन्सेई. मुलं खात नाहीत, उरतात.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “तुमचे उपकार कसे फेडू? छापून आलं असतं तर मी मेलेच असते. तुमच्या कधी लक्षात आलं हो?”

खिडकीपाशी पेन्सिलीचा आवाज थांबला. हिरुकावांनी मान वळवली नाही, पण ते ऐकत होते हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होते.

आज सकाळी, असे म्हणणे सोपे होते. तोगाशींनी तोंड उघडलेही. पण नळखात्यात छत्तीस वर्षे त्यांनी एकाही नकाशावर चुकीची तारीख घातली नव्हती, आणि एका आठवड्यात दोन खोटे शिक्के उठवण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते.

“शनिवारी,” ते म्हणाले. “माझ्या बायकोला दिसलं. मला नाही.”

इत्सुकोने शेंग तोंडाजवळ नेली होती. ती तिने परत डब्यात ठेवली. मग डब्याचे झाकण लावले.

पेन्सिल पुन्हा चालू झाली. सव्वापाचच्या सुमारास हिरुकावा उठले. कागद भरलेला होता. प्रत्येक घरात पावलाचा बारीक क्रमांक होता. त्यांनी खणातून स्वतःचा शिक्का काढला, लाल शाईत टेकवला आणि ‘उत्तर एकच’ या शब्दांशेजारी दाबला. मग तोगाशींचा जुना कागद पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवला.

“शनिवारी कळलं,” ते म्हणाले. “आज गुरुवार आहे.”

“हो.”

“चूक कुणाचीही होते, तोगाशीसान. निवासानांचीही झाली. चुकीबद्दल मी काही म्हणत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “शेवटचं पान निवासानांचं. तुमचं कोडं चांगलं आहे, ते त्याच्या आधीच्या पानावर जाईल. यापुढे तुम्ही रचा. तपासायला मी तुमच्याकडे काही पाठवणार नाही.”